नदीचं पाणी कमी-जास्त झालं की खाडीच्या तळाला काय होतं? (आणि गोसेखुर्दचा त्याच्याशी संबंध आहे का?)

नागपूरच्याच एका एमएस्सी झूलॉजीच्या मुलीने विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा: "सर, डिझर्टेशनसाठी गोदावरीच्या मुखाजवळचे तळातले प्राणी घेतलेत. पुस्तकात लिहिलंय की नदीचा डिस्चार्ज (वाहून येणारं पाणी) वाढला की सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) पडते आणि प्रजाती कमी होतात. मग नदीचं पाणी कमी आलेलं खाडीसाठी चांगलं म्हणायचं का? आणि घरी बाबा (शेती पवनीकडे) म्हणतात की गोसेखुर्द धरणाचं पाणी समुद्रात वाया जातं, ते बुलढाण्याकडच्या नळगंगेला नेलं तर कोणाचं काय बिघडणार आहे. मी त्यांना काय सांगू?"

मी मूळचा इथलाच, नोकरीतली बहुतेक वर्षं खाडीचा गाळ चाळण्यात गेली, आता परत नागपुरात आहे. तर बस, लांबलचक लिहून राहिलो, चहा घेऊन वाच.

आधी थेट उत्तर. पुस्तकातलं वाक्य खोटं नाही पण अर्धं आहे. तळातल्या जीवाला वर्षाचा टोटल डिस्चार्ज कळतच नाही. त्याला कळतं ते पाणी कधी आलं, किती दिवस टिकलं, सोबत काय घेऊन आलं आणि गेल्यावर पुन्हा खारं व्हायला किती वेळ मिळाला. बाबांना सांगायचं तर असं सांग की वर्षाचा पाऊस हजार मिमी झाला एवढंच ऐकून कोणी कपाशीचा अंदाज करत नाही, खंड किती दिवसांचा पडला आणि कोणत्या अवस्थेत पडला ते बघतात, खाडीच्या तळाचंही अगदी तसंच आहे. पुरानंतर महिनाभरात सॅम्पल काढलं आणि प्रजाती निम्म्या दिसल्या म्हणून "पुराने नुकसान केलं" असं लिहिणारे थिसिस मी ढिगाने वाचलेत. ती घट म्हणजे त्या खाडीचा नेहमीचा श्वास असू शकतो.

आता नागपूरचा संबंध, कारण लोकांना वाटतं समुद्र आपल्यापासून लय लांब. नाग नदी आणि पिवळी नदीचं पाणी कन्हानला जातं, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, तिथेच गोसेखुर्दचं बॅकवॉटर आहे, मग खाली वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते, मग मेडीगड्डाचा बॅरेज, मग खाली धवळेश्वरमचा बॅरेज, आणि तिथून फाटे फुटून यानम-काकीनाड्याकडे बंगालचा उपसागर. म्हणजे सीताबर्डीच्या नाल्यात जे टाकलं त्याचा काही अंश, अर्थात खूप पातळ होऊन, कोरिंगाच्या खारफुटीपर्यंत जाऊ शकतो.

गोदावरी वर्षाला साधारण ११० अब्ज घनमीटर पाणी वाहून नेते आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांत. बाकी काळात धवळेश्वरमच्या कालव्यांतून डेल्टाच्या भातशेतीला पाणी जातं, खाली मुखाकडे जवळपास काहीच सुटत नाही. त्यामुळे तिथली खाडी ऑगस्टमध्ये वरपासून खालपर्यंत जवळजवळ गोडी आणि एप्रिल-मेमध्ये जवळजवळ समुद्राएवढी खारी. युरोपातल्या पुस्तकात जी खाडी असते ना, वर गोडं, मध्ये मचूळ, खाली खारं, वर्षभर थोडं पुढेमागे सरकणारं, तसं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नसतं. आपल्या खाड्या मान्सूनच्या आहेत, त्यांच्यात एक स्थिर अवस्था नसतेच. म्हणून "सरासरी सॅलिनिटी अमुक" असा कॉलम टेबलात टाकू नकोस, त्या सरासरीच्या पाण्यात वर्षातले फार थोडे दिवस कोणी राहतं. त्यापेक्षा किमान, कमाल आणि ५ पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात ५ भाग मीठ) खाली सलग किती दिवस गेले हे दे.

५ काहून? समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. बहुतेक समुद्री किड्यांचं शरीरातलं पाणी बाहेरच्याएवढंच खारं असतं, बाहेर मीठ उतरलं की पाणी शरीरात घुसतं, जीव फुगतो, पेशींना ते सांभाळावं लागतं. ५ ते ८ च्या पट्ट्यात समुद्री प्राण्यांची सहनशक्ती संपत येते आणि गोड्या पाण्यातल्यांची अजून सुरू झालेली नसते, तिथे प्रजाती सर्वात कमी. हा आलेख १९३४ मध्ये रेमाने या जर्मन शास्त्रज्ञाने बाल्टिक समुद्रावरून मांडला. बाल्टिकला भरती-ओहोटी नगण्य, तिथली सॅलिनिटी एका जागी महिनोन्‌महिने तीच राहते. आपल्याकडे एकाच खुंट्यावर सहा तासांत १० चा फरक पडू शकतो. आलेख वापर पण आपल्या खाडीवर जसाच्या तसा चिकटवू नकोस.

आणि तळातले जीव बिचारे समजतो तितके असहाय नसतात. शिंपला दोन्ही झडपा मिटून दिवसचे दिवस बसू शकतो (थंड पाण्यात जास्त, गरम पाण्यात कमी, कारण मिटून बसल्यावर ऑक्सिजनही बंद). पॉलिकीट, म्हणजे गांडुळासारखे केसाळ किडे, गाळात खोल जातात. इथे एक गोष्ट फार लोक विसरतात: वरचं पाणी गोडं झालं तरी गाळाच्या कणांमधलं पाणी लगेच गोडं होत नाही, चिखल असेल तर खूपच उशिरा. दहा-पंधरा सेंटीमीटर खाली बसलेल्या किड्याला चार दिवसांचा पूर कळतही नाही, पण तोच पूर महिनाभर टिकला तर मीठ तिथूनही निघून जातं. म्हणून पुराचा आकडा किती क्युसेक यापेक्षा तो किती दिवस राहिला हे बघ.

दुसरी गंमत थरांची. गोडं पाणी हलकं, खारं जड. नदीचं पाणी वरून सरकतं आणि खालून समुद्राचं पाणी पाचरीसारखं आत घुसतं. जेटीवरून बादली सोडून वरचं पाणी मोजलं तर २ येईल आणि त्याच जागी तळाला २० असेल. तळातल्या जिवांचा अभ्यास आणि सॅलिनिटी वरच्या पाण्याची, असे कितीतरी पेपर छापून येतात, आश्चर्य वाटतं. तळापासून अर्ध्या मीटरच्या आतलं पाणी घे, नाहीतर घेऊच नकोस.

या थरांमुळे अजून एक होतं, आणि इथे जास्त पाणी खरंच मारक ठरतं. वरचा गोडा थर झाकणासारखा बसला की खालच्या पाण्याला वरून ऑक्सिजन मिळत नाही. त्यात नदीने शेतातलं नायट्रेट आणलेलं, वर शेवाळ माजतं, मरतं, खाली पडतं, तिथे सडतं आणि उरलासुरला ऑक्सिजन खातं. लिटरला २ मिलीग्रॅमच्या खाली गेलं की पळता येणारे पळतात, गाळातले वर तोंड काढतात आणि मग मरतात. मिसिसिपीच्या मुखासमोर दर उन्हाळ्यात हे होतं, २०१७ मध्ये तो पट्टा साडेबावीस हजार चौरस किलोमीटरच्या वर गेला होता, आपल्या नागपूर जिल्ह्याच्या दुपटीपेक्षा जास्त. पण नीट बघ, तिथे गुन्हेगार नुसतं पाणी नाही, पाण्यातलं खत आहे. तेवढंच पाणी स्वच्छ आलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

आता गाळ. माझा आवडता विषय, म्हणून थोडं जास्त लिहीन.

नदी जो बारीक चिकणमातीचा कण आणते तो गोड्या पाण्यात तरंगत राहतो कारण कण एकमेकांना ढकलतात. थोडं मीठ लागलं की ते ढकलणं संपतं, कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि खाली बसतात. म्हणजे खाडीचा चिखल कुठे साचणार हे मीठ ठरवतं आणि मीठ कुठपर्यंत येणार हे नदी ठरवते. डिस्चार्ज वाढला की चिखल साचायची जागा समुद्राकडे सरकते, कमी झाला की आत येते. तळातल्या जिवाला चिखल की वाळू हा प्रश्न सॅलिनिटीइतकाच मोठा. वाळूत पाणी गाळून खाणारे शिंपले जगतात, चिखलात चिखल खाणारे किडे. पाणी गाळून खाणाऱ्याच्या कल्ल्यांत बारीक गाळ अडकला की तो उपाशी मरतो, समोर अन्न असून. आणि मोठ्या पुरात एका रात्रीत काही सेंटीमीटर नवा गाळ बसला तर लहान शिंपले वर येऊ शकत नाहीत, किडे बहुतेक येतात. त्यामुळे पुरानंतर सगळ्यात आधी कोण दिसतं? कॅपिटेला, प्रायोनोस्पिओ यांच्या घराण्यातले छोटे पॉलिकीट. काही आठवड्यांत हजारोंनी. संख्या बघून खूश व्हायचं नाही, वजन बघ. पाच वर्षांचा शिंपला गेला तर तो परत यायला पाच वर्षंच लागतात.

हा गाळ कमी झाला तर? गोदावरीचा तरंगता गाळ १९७० च्या दशकात वर्षाला साधारण १५ कोटी टन होता, १९९० च्या दशकात ६ कोटी टनांच्याही खाली आला. पाऊस काही निम्म्याहून कमी झाला नाही, गाळ वरच्या धरणांत बसून राहिला. डेल्टाचा किनारा समुद्र खाऊन राहिला तो बराचसा त्यामुळे. तळाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पाणी पोचतं पण पाण्यासोबतची माती पोचत नाही, उथळ चिखलाटं झिजतात, तिथले खुबे-शिंपले ज्या जमिनीवर राहतात ती जमीनच जाते. डिस्चार्जच्या आलेखावर हे दिसतच नाही.

गाळासोबत अन्नही येतं. पालापाचोळा, नायट्रेट, आणि सिलिका, जी डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतीला कवच करायला लागते. सगळ्यात गाजलेलं उदाहरण नाईलचं. आस्वानचं मोठं धरण १९६४ मध्ये पाणी अडवायला लागलं, पूर थांबला, मुखासमोरची डायटमची बहार थांबली, आणि इजिप्तची सार्डिनची मासेमारी १९६२ मध्ये जी १८ हजार टनांच्या आसपास होती ती काही वर्षांत हजार टनांच्याही खाली गेली. कोळंबीही घटली, आणि कोळंबी तळाचीच. पुढे कैक वर्षांनी मासे परत वाढले, तर त्याचं श्रेय बऱ्याच जणांनी शेतातल्या खताला आणि शहरांच्या सांडपाण्याला दिलं. म्हणजे नदीचं अन्न गेलं आणि गटाराचं अन्न आलं. यावर हसावं की रडावं मला अजून ठरवता आलं नाही.

पण अन्न पोचण्याला वेळ लागतो हे लक्षात ठेव. पूर चालू असताना पाणी इतकं गढूळ आणि इतकं वेगात असतं की वनस्पती वाढूच शकत नाहीत. पूर ओसरला, गाळ बसला, ऊन आत शिरलं की मग बहर. तो खाली पडून किड्यांच्या पोटात जायचा, किडे वाढायचे, अजून आठवडे. म्हणून सॅम्पलच्या दिवसाच्या डिस्चार्जशी प्राण्यांची संख्या जोडलीस तर कोरिलेशन शून्य येईल किंवा उलटं येईल. मागच्या ३०, ६०, ९० दिवसांचा प्रवाह घेऊन जोडून बघ.

आता "पाणी कमी आलेलं चांगलं का" याकडे येऊ. पाणी कमी झालं की खारं पाणी आत येतं, समुद्री प्रजाती आत येतात, डायव्हर्सिटी इंडेक्स (प्रजातींच्या विविधतेचा आकडा) वाढतो. कागदावर छान. पण फ्लोरिडातल्या अपालाचिकोला खाडीत काय झालं बघ. तिथली कालवं (ऑयस्टर, खायचे शिंपले) नावाजलेली होती. दुष्काळात नदीचं पाणी घटलं, खाडी खारी झाली, आणि खाऱ्यासोबत कालवांना भोक पाडून खाणारी गोगलगाय आणि कालवांचा परजीवी रोग दोन्ही आत आले. २०१२ मध्ये धंदा कोसळला. फ्लोरिडाने वरच्या जॉर्जिया राज्यावर पाण्यासाठी केस केली, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. मचूळ पाणी कालवांना आवडतं म्हणून ती तिथे राहतात असं नाही, त्यांच्या शत्रूंना ते झेपत नाही म्हणून राहतात. नदी तिथे राखणदाराचं काम करत होती.

आणि लगेच दुसरी बाजू. २०१९ मध्ये मिसिसिपीला मोठा पूर आला, न्यू ऑर्लिन्स वाचवायला एक सांडवा दोनदा उघडला, मिळून चार महिने गोडं पाणी शेजारच्या उथळ समुद्रात गेलं. मिसिसिपी राज्याची ९० टक्क्यांहून जास्त कालवं मेली. आठवडाभर झालं असतं तर मिटून बसली असती.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मला सॅन फ्रान्सिस्कोचं वाटतं. १९८६ च्या फेब्रुवारीत तिथे प्रचंड पूर आला, खाडीच्या वरच्या भागातले मचूळ पाण्याचे जीव साफ झाले. त्याच सुमाराला जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला भरलेल्या) पूर्व आशियातली एक छोटी शिंपली आली. पुढची वर्षं दुष्काळाची. नेहमीचे जीव अजून परत आलेले नव्हते, जागा रिकामी, दोन वर्षांत ही पाहुणी सगळीकडे. तिने पाणी इतकं गाळून खाल्लं की उन्हाळ्यातली वनस्पतींची बहारच बंद झाली आणि वरचे मासे उपाशी. नुसता पूर असता तर असं झालं नसतं, नुसता दुष्काळ असता तरी कदाचित नाही. आधी पूर मग दुष्काळ, या क्रमाने केलं. याच खाडीत १९९५ पासून धरणातून किती पाणी सोडायचं हे ठरवायला तळाची २ पीपीटीची रेघ समुद्रापासून किती किलोमीटर आत आहे ते बघतात. क्युसेकमध्ये भांडण्यापेक्षा हे मला फार शहाणपणाचं वाटतं, आपल्याकडे असं व्हायला हवं.

आपल्या देशातली दोन उदाहरणं डिझर्टेशनमध्ये घेच. केरळात वेंबनाड कायलात (बॅकवॉटरमध्ये) तण्णीरमुक्कमचा बंधारा १९७६ पासून कोरड्या महिन्यांत बंद करतात, भातात खारं पाणी येऊ नये म्हणून. वरच्या बाजूचं पाणी गोडं राहतं, आणि तिथल्या काळ्या शिंपलीला प्रजननासाठी थोडं मीठ लागतं, ते मिळत नाही. म्हणजे गोडं पाणी जास्त आणि तेही नको त्या वेळी. दुसरं आपल्याच राज्यातलं, कोयना. कोयनेचं पाणी मूळ कृष्णेचं, पूर्वेला जाणारं. ते वीज करून पोफळीकडून वाशिष्ठीत सोडतात, वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. कोकणातल्या बाकी नद्या मे महिन्यात डबकी होतात, खारं पाणी भरतीने आत चढतं, पण वाशिष्ठीत अवजल उन्हाळ्यातही वाहतं. त्यामुळे वाशिष्ठीच्या मुखाच्या, म्हणजे दाभोळच्या खाडीची शेजारच्या खाडीशी तुलना करताना "दोन्ही कोकणातल्या, पाऊस सारखा" असं धरलंस तर फसशील. एखाद्याने या दोन खाड्यांचा तळ शेजारी-शेजारी ठेवून नीट अभ्यास केला तर मी तो आवडीने वाचीन.

आता बाबा. त्यांना खोडून काढायला जाऊ नकोस, विदर्भात पाण्यावाचून पीक जळताना बघितलेल्या माणसाला खाडीतल्या किड्यांचं लेक्चर देणं बरं दिसत नाही. गोसेखुर्द ते नळगंगा हा सव्वाचारशे किलोमीटरचा कालवा योजलाय, त्याचा विचार बुलढाणा-अकोल्याच्या शेतासाठी झालाय आणि ती गरज खरी आहे. आणि गोसेखुर्द ते समुद्र यात इतके बंधारे, इतक्या उपनद्या (इंद्रावती तर त्याच्याही खाली मिळते) की उद्या काकीनाड्याचे शिंपले कमी झाले तर "गोसेखुर्दमुळे" असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. उन्हाळ्यात मुखाला पाणी मिळेल की नाही हे धवळेश्वरमवर ठरतं, पवनीला नाही.

पण समुद्रात गेलेलं पाणी काही करत नाही हे मात्र मान्य करू नकोस. कोलोरॅडो नदी अमेरिकेत धरणं बांधून इतकी वापरली की मेक्सिकोतल्या मुखाला पाणी पोचणं जवळपास थांबलं. तिथे आता किनाऱ्यावर शिंपल्यांचे नुसते ढिगारे आहेत. २००० साली शास्त्रज्ञांनी ते मोजून अंदाज काढला की मागच्या हजार वर्षांत तिथे किमान २ लाख कोटी शिंपले जगून गेले असावेत, आणि आत्ताची जिवंत संख्या पूर्वीपेक्षा ९४ टक्क्यांनी कमी. कोणत्याही एका धरणाने ते केलं नाही. प्रत्येक जण आपल्या वाट्याचं थोडं घेत गेला आणि प्रत्येकाचा हिशोब आपापल्या जागी बरोबरच होता.

बाबांना विचारायचं असेल तर एवढं विचार: नेणार ते पाणी कोणत्या महिन्यातलं? ऐन पुरातलं, की सप्टेंबर-ऑक्टोबरचं ओसरतं? मला दोन्हीत खूप फरक वाटतो. पुराच्या शिखरावरून थोडं काढलं तर तळाला फारसं कळणार नाही. ओसरतं पाणी मात्र महत्त्वाचं, त्याच काळात खाडी हळूहळू गोड्याची मचूळ, मचूळची खारी होते आणि तळातल्या प्राण्यांच्या अळ्या तळाला बसतात. ते कापलं तर खाडी एकदम गोड्यावरून खाऱ्यावर उडी मारते, मधला काळ गायब, आणि त्या मधल्या काळावर जगणारेही गायब.

कामाचं थोडं. व्हॅन वीन ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा जबडा) घे, एका जागी किमान तीन, जमलं तर पाच. चाळणी ०.५ मिमीची, १ मिमीची मिळाली म्हणून ती वापरू नकोस, छोटे पॉलिकीट सगळे निघून जातात आणि पुरानंतर तेच तर असतात. रोझ बेंगाल (जीव गुलाबी करणारा रंग) टाक, निवडताना डोळे वाचतात. प्रत्येक वेळी भरतीची तीच अवस्था धर. कणांचा आकार आणि ऑरगॅनिक कार्बन याशिवाय बाकी डेटाला अर्थ नाही. पॉलिकीट प्रजातीपर्यंत ओळखायचा हट्ट नको, फॅमिलीपर्यंत खात्रीने ओळखलेलं, चुकीच्या प्रजातीपेक्षा कधीही बरं. प्रवाहाचा डेटा केंद्रीय जल आयोगाच्या पोलावरमच्या केंद्राचा माग, पण ते धवळेश्वरमच्या वर आहे, कालव्यांत गेलेलं वजा केल्याशिवाय तो मुखाचा आकडा म्हणून छापू नकोस. ऑगस्टमध्ये जाणं जमणार नाही, बोटवाले नेणार नाहीत आणि नेऊही नये, तर ऑक्टोबर, डिसेंबर, एप्रिल असं ठरव. पैसे कमी पडले तर जागा कमी कर, ऋतू कमी करू नकोस.

आणि फॉर्मॅलिनचे डबे घेऊन ट्रेनमध्ये बसू नकोस बाप्पा. तिकडच्याच एखाद्या कॉलेजची लॅब आधी बोलून ठेव, गाईडला सांग पत्र द्यायला, चाळून-निवडून तिथेच उरक.